जंतूला खूण कशी करतात?

मृगाचा पाऊस पडला की आपल्या जालना जिल्ह्यात पेरणीची घाई सुरू होते. तूर, मूग, सोयाबीन पेरण्याआधी बियाण्याला जिवाणू खत चोळा, असे कृषी सहायक सांगतात. पुष्कळ शेतकरी आता ते चोळतातही. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमची एक पुडी. थोडे गुळाचे पाणी घ्यायचे, पुडी त्यात कालवायची, बियाण्याला हलक्या हाताने चोळायची. मग बियाणे सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. उन्हात ठेवले तर जंतू मरतात.

पण त्या पुडीत दिसते काय? कोळशाच्या भुकटीसारखी काळी भुकटी. तीत जिवंत जंतू आहेत म्हणतात. डोळ्यांना मात्र एकही दिसत नाही. मग एखादा शेतकरी विचारतो, "गुरुजी, हे जंतू मुळापर्यंत जातात कशावरून? जमिनीत आधीच जंतू भरलेले आहेत. त्यांतला पुडीतला कोणता आणि जमिनीतला कोणता, हे ओळखलं कुणी?"

प्रश्न रास्त आहे. पुडीला पैसे पडतात. पैसे देणाऱ्याने असे विचारलेच पाहिजे. शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला होता. त्यांनी जंतूला खूण करण्याची एक युक्ती काढली. ती आज आपण समजून घेऊ.

जंतू केवढा असतो?

जंतू म्हणा, जिवाणू म्हणा, एकच. तुमच्या पट्टीवर मिलिमीटरची सर्वांत बारीक रेघ असते ना? त्या दोन रेघांच्या मधल्या जागेत पाचशे ते हजार जंतू एका ओळीत बसतात. चिमूटभर मातीत ते कोट्यवधी असतात. त्यांत नाना जातींचे असतात. काही पाला कुजवतात, काही रोग आणतात, काही मुळांशी मैत्री करतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर बहुतेक सगळे सारखेच दिसतात. कुणी काडीसारखा, कुणी ठिपक्यासारखा. चेहरा नाही, शिंग नाही, कान नाही. ओळखायचे कसे?

धनगर आपल्या मेंढ्या कशा ओळखतो? पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो. दोन कळप एका पाणवठ्यावर मिसळले तरी पट्टा पाहून आपापली मेंढरे वेगळी निघतात. गाई-म्हशींच्या कानात सरकारी बिल्ला असतो. तोही खुणेसाठीच.

मग जंतूंनाही रंग लावला तर? तसे करून पाहता येते. पण एक अडचण आहे. मेंढी वर्षाला एक-दोन कोकरे देते. जंतू असा थांबत नाही. तो वाढतो आणि मधोमध तुटून एकाचे दोन होतात. आपल्या आतड्यात राहणाऱ्या एका जंतूला भरपूर खायला आणि ऊब मिळाली, तर वीस मिनिटांत त्याचे दोन होतात. चाळीस मिनिटांत चार, तासात आठ. गणित करून पाहा. अशा वेगाने दहा तास गेले तर एका जंतूचे शंभर कोटींच्या वर जंतू होतील. प्रत्येक वेळी अंगावरचा रंग दोघांत निम्मानिम्मा वाटला जाईल. दहा वेळा वाटणी झाली की हजारावा भागही उरणार नाही. मेंढीच्या पाठीवरचा रंग कोकरावर उतरत नाही, तसेच हे.

म्हणजे खूण वरून लावून भागत नाही. ती वंशात उतरली पाहिजे. आजाचे नाक नातवाला येते, तशी ती लेकराकडे आणि लेकराच्या लेकराकडे आपोआप गेली पाहिजे.

पोटातला लेख

वंशात काय उतरते? प्रत्येक जिवाच्या शरीरात एक लेख असतो. त्याची लिपी चारच अक्षरांची आहे. ती चार अक्षरे उलटसुलट क्रमाने लाखो वेळा येतात. त्या लांबलचक लेखातल्या एकेका वाक्याला 'जनुक' म्हणतात. बहुतेक जनुके एकेक प्रथिन कसे बनवायचे ते सांगतात. प्रथिन हा शब्द तुम्ही डाळीच्या आणि दुधाच्या संदर्भात ऐकला असेल. शरीरातली बहुतेक कामे प्रथिनेच करतात. जंतू दोन होण्याआधी हा सगळा लेख उतरवून घेतो आणि दोघांना एकेक प्रत मिळते.

आता नवलाची गोष्ट ऐका. जंतू, गवत, बैल, माणूस ह्या सगळ्यांच्या लेखाची लिपी एकच आहे. तुम्ही बाराखडी शिकलात ती मराठीसाठी. पण रेल्वे स्टेशनवरची हिंदी पाटीही तुम्हाला वाचता येते, कारण अक्षरे तीच. तसेच हे. एका जिवाचे वाक्य दुसऱ्याच्या लेखात चिकटवले, तर पुष्कळदा तो ते वाचतो आणि त्याप्रमाणे प्रथिन बनवतो.

म्हणून शास्त्रज्ञांना असे एक वाक्य हवे होते, की जे वाचून जंतू स्वतःच चमकू लागेल. ते सापडले समुद्रात.

समुद्रातला दिवा

समुद्रात जेलीफिश नावाचा जीव असतो. छत्रीसारखा, पारदर्शक, शिजलेल्या साबुदाण्यासारखा लिबलिबीत. त्याच्या नाना जाती आहेत. कोकणात कोळ्यांच्या जाळ्यातही काही जाती येतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची एक जात डिवचली की छत्रीच्या कडेला हिरवी चमकते.

ओसामू शिमोमुरा नावाचे जपानी शास्त्रज्ञ त्या चमकेचा शोध घेत होते. हे गृहस्थ मुलगा असताना नागासाकी शहराजवळ राहत होते. १९४५ साली त्या शहरावर अणुबाँब पडला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. त्या उजेडाने त्यांचे डोळे काही क्षण दिपून आंधळे झाले होते. अशा मुलाने पुढे आयुष्यभर जिवांच्या उजेडाचा अभ्यास करावा, हे मला फार विशेष वाटते.

१९६१ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेच्या किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर ह्या गावी गेले. जाळीने जेलीफिश पकडायचे, कात्रीने छत्रीची चमकणारी कड कापायची, ती पिळून रस काढायचा, हे काम. त्या एका उन्हाळ्यात दहा हजारांच्या आसपास जेलीफिश जमवले. पुढच्या अनेक उन्हाळ्यांत बायको-मुलेही मदतीला असत. पण पिळलेला रस उजेड देईना. कंटाळून त्यांनी तो मोरीत ओतला. मोरीत समुद्राचे पाणी येत होते. रस त्या पाण्याला लागला मात्र, मोरी निळ्या प्रकाशाने उजळली! समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियमने, म्हणजे चुन्यात असतो त्याच पदार्थाने, ती चमक जागी केली होती. त्या रसात दोन प्रथिने निघाली. एक निळा उजेड देणारे, आणि दुसरे तो निळा उजेड पिऊन हिरवा करून बाहेर टाकणारे. १९६२ साली त्यांनी हे छापून सांगितले. ह्या दुसऱ्या प्रथिनाला शास्त्रज्ञ 'जी.एफ.पी.' म्हणतात. आपण त्याला हिरवे प्रथिन म्हणू.

हे प्रथिन काजव्यासारखे स्वतः उजेड पाडत नाही. त्यावर निळा किंवा जांभळा उजेड टाकावा लागतो, तेव्हा ते हिरवे चमकते. बँकेत कॅशियर नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो, ते पाहिले आहे ना? साध्या उजेडात न दिसणारे बारीक धागे त्या दिव्याखाली चमकतात. विंचूही तशा दिव्याखाली हिरवट-निळा चमकतो. रात्री पाहिलात तर दचकाल. हिरव्या प्रथिनाची तऱ्हाही तशीच.

त्या प्रथिनाचे वाक्य, म्हणजे जनुक, १९९२ साली डग्लस प्रॅशर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने जेलीफिशमधून वेगळे काढून वाचले. पण त्यांच्या कामाला मिळणारा पैसा संपला. त्यांनी ते जनुक दुसऱ्या दोघा शास्त्रज्ञांना देऊन टाकले. त्यांपैकी मार्टिन चाल्फी ह्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते आतड्यातल्या जंतूत घातले. पुष्कळांना वाटत होते की जेलीफिशच्या अंगातले आणखी काहीतरी लागेल, नुसत्या जनुकाने भागणार नाही. पण निळा उजेड टाकताच जंतू हिरवे चमकले. हवेतल्या प्राणवायूखेरीज दुसरे काही लागले नाही. १९९४ साली ही बातमी जगाला कळली. दुसरे रॉजर त्सिएन. त्यांनी त्या वाक्यातली अक्षरे बदलून निळ्या, पिवळ्या अशा निरनिराळ्या चमकेची प्रथिने बनवली. पुढे १९९९ साली प्रवाळाच्या एका भाऊबंदाकडून लाल रंगही मिळाला.

२००८ साली शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन ह्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा प्रॅशर काय करत होते? एका मोटारविक्रीच्या दुकानात गिऱ्हाइकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. त्यांच्या मनाचा मोठेपणा असा, की त्यांनी जनुक दडवून ठेवले नव्हते. चाल्फी आणि त्सिएन ह्यांनीही त्याची जाण ठेवली आणि आपल्या खर्चाने त्यांना समारंभाला नेले. पुढे प्रॅशर पुन्हा विज्ञानाच्या कामावर परतले.

खूण घालतात कशी?

पुष्कळ जंतूंच्या पोटात मोठ्या लेखाशिवाय बांगडीसारखी गोल, लहान चिठ्ठीही असते. ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत ही बांगडी उघडतात, तीत हिरव्या प्रथिनाचे वाक्य बसवतात आणि बांगडी पुन्हा जोडतात. मग जंतू बर्फात गार करून ठेवतात आणि मिनिट-दीड मिनिट ४२ अंशांच्या कोमट पाण्यात धरतात. ह्या धक्क्याने त्यांचे कातडे सैल पडते आणि बांगडी आत शिरते. ती सगळ्यांत शिरत नाही, थोड्यांतच शिरते. ते थोडे निवडायचे कसे? त्यासाठी बांगडीत आणखी एक वाक्य असते, एका औषधाला तोंड देण्याचे. मग सगळ्यांना ते औषध घातलेल्या अन्नावर वाढवतात. बांगडी नसलेले मरतात, बांगडीवाले जगतात.

आता हे जंतू कितीही वेळा दोन झाले, तरी बांगडीची प्रत प्रत्येकाकडे जाते. कधीकधी एखाद्याकडे जायची राहते, म्हणून पक्की खूण हवी असेल तेव्हा ते वाक्य जंतूच्या मोठ्या लेखातच शिवून टाकतात.

मुळात काय दिसलं?

आता आपल्या पुडीकडे येऊ. हवेत शंभरातले ७८ भाग नत्र आहे, पण ते पिकाला तसेच घेता येत नाही. द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी येतात. त्या गाठींत राहणारे रायझोबियम जातीचे जंतू हवेतला नत्र पिकाला लागू होईल असा करून देतात. मोबदल्यात पीक त्यांना साखर देते. उधारी नाही, रोखीचा व्यवहार.

पण जंतू मुळात शिरतो कसा? १९९६ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी हे खुणेच्या जंतूंनी पाहिले. त्यांनी रायझोबियमच्या एका जातीला हिरव्या प्रथिनाची खूण घातली आणि ते जंतू लसूणघासाच्या रोपांना दिले. आपण जनावरांना कापून घालतो तोच लसूणघास. मग निळ्या उजेडात सूक्ष्मदर्शकाखाली ती जिवंत मुळे पाहिली.

मुळावर कापसाच्या तंतूसारखे बारीक केस असतात. जंतू जवळ आले की केसाचे टोक धनगराच्या आकडीसारखे वळते आणि जंतूंना कवेत घेते. तिथून आत एक बारीक बोगदा तयार होतो. त्या बोगद्यातून हिरवे जंतू माळेसारखे ओळीने आत जाताना दिसले. शेवटी ते मुळाच्या आत पोचतात आणि तिथे गाठ फुगते. पूर्वी हे पाहायचे तर पुष्कळदा मूळ मारून, कापून, रंगवून पाहावे लागे. आता जिवंत मुळात पाहता आले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळाले: हो, बाहेरून दिलेले जंतू मुळात जातात.

दुसरा प्रश्न अवघड होता. जमिनीतले जुने जंतू आणि पुडीतले नवे जंतू, ह्यांत गाठ कोण पटकावते? त्यासाठी एका जातीला हिरवी आणि दुसरीला लाल खूण घालता येते. दोन्ही एकाच मुळाला द्यायच्या आणि गाठी मोजायच्या. हिरव्या किती, लाल किती, मिसळलेल्या किती. रंगाऐवजी दुसऱ्या जनुकांच्या खुणाही वापरतात. अशा कामातून आणि शेतातल्या प्रयोगांतून एक गोष्ट वारंवार दिसली. जमिनीतले जुने जंतू त्या जमिनीला सरावलेले असतात, संख्येनेही पुष्कळ असतात. ते पुडीतल्या पाहुण्यांना सहज जागा देत नाहीत. म्हणून ज्या रानात तेच पीक वर्षानुवर्षे घेतले आहे, तिथे पुडीचा गुण कमी दिसू शकतो. ज्या रानात ते पीक पहिल्यांदाच येते, तिथे जास्त दिसतो. पुडी खोटी नाही, पण ती जादूही नाही.

आणि पुडी पिकाप्रमाणे हवी. तूर, मूग, उडीद, चवळी ह्यांचा जंतू एका गटातला. हरभऱ्याचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा. सोयाबीनची पुडी हरभऱ्याला लावली तर पैसे पाण्यात गेले म्हणा.

रोगाचे जंतूही

ही खूण क्षयाच्या जंतूलाही घालतात. हे काम फार जपून, बंद खोलीत करतात. २०१४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी हिरव्या प्रथिनाचा एक खास प्रकार क्षयाच्या जंतूत बसवला. ह्या प्रकाराची चमक जंतूच्या आतल्या स्थितीप्रमाणे बदलते. आपल्या शरीरातल्या जंतू खाणाऱ्या पेशींत हे जंतू शिरल्यावर पाहिले, तर सगळे सारख्या स्थितीत नव्हते. काही औषधाला लवकर बळी पडणारे होते, काही चिवट होते.

क्षयाच्या रोग्याला दीड-दोन महिन्यांत बरे वाटू लागते. खोकला कमी होतो, भूक लागते. मग तो म्हणतो, आता कशाला गोळ्या? पण मेलेले असतात ते कमजोर जंतू. चिवट अजून आत बसलेले असतात. साध्या क्षयाला सहा महिने औषध देतात ते ह्या उरलेल्यांसाठी. मध्येच सोडले तर हेच पुन्हा वाढतात, आणि मग साध्या औषधाला न जुमानणारा क्षय होण्याची भीती असते. आपल्या घरात कुणी असे औषध घेत असेल तर हे त्याला वाचून दाखवा.

जालन्याशी संबंध काय?

एका जिवाचे जनुक दुसऱ्यात घालायचे, ही विद्या जालन्याला परकी नाही. बद्रीनारायण बारवाले ह्यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. बी.टी. कपाशीचे बियाणे ह्याच कंपनीने भारतात आणले. सरकारने २००२ साली त्याला परवानगी दिली. मातीतल्या एका जंतूचे जनुक कपाशीत घातले, की बोंडअळीला मारक असे प्रथिन कपाशीच बनवते. जेलीफिशचे वाक्य जंतूत गेले, इथे जंतूचे वाक्य कपाशीत आले. पुढे गुलाबी बोंडअळी ह्या प्रथिनाला सरावली. २०१७ साली महाराष्ट्रात तिने केलेले नुकसान आपण विसरलेलो नाही. जंतू असो की अळी, लाखोंत एखादी चिवट निघते आणि तिचाच वंश वाढतो.

कुणी विचारील, "मग आमच्या पुडीतले जंतूही असे चमकणारे आहेत काय?" नाही. बाजारात मिळणाऱ्या जिवाणू खतात मातीतून निवडून काढलेले साधे जंतू असतात. खुणेचे जंतू फक्त संशोधनासाठी. ते असे शेतात सोडता येत नाहीत. जनुक बदललेल्या जिवांसाठी १९८९ सालापासून आपल्या देशात कायद्याचे नियम आहेत, आणि परवानगीसाठी दिल्लीत सरकारी समिती आहे. प्रयोग संपला की ते जंतू प्रेशर कुकरसारख्या बंद भांड्यात १२१ अंशांच्या वाफेवर मारून मगच टाकतात.

आपल्या रानात

आपल्याकडे निळा दिवा नाही, सूक्ष्मदर्शक नाही. पण पुडीचा उपयोग झाला की नाही, ते पाहायची साधी रीत आहे. पेरताना तुरीच्या चार ओळी बिनपुडीच्या बियाण्याच्या ठेवा. ह्या ओळी आधी पेरा आणि पुडी चोळलेले बियाणे नंतर. नाहीतर हाताला आणि पेरणीच्या चाड्याला लागलेले जंतू त्यातही जातील. बियाण्याला बुरशीचे औषध लावायचे असेल तर ते आधी लावून सुकू द्या, जिवाणू खत सर्वांत शेवटी. दोन्हींकडच्या ओळी लक्षात राहतील अशी खुंटी रोवा.

पेरून पाच-सहा आठवडे झाले की दोन्हींकडची चार-चार रोपे काढा. उपटू नका, गाठी जमिनीतच तुटून राहतात. कुदळीने भोवतालची माती मोकळी करून मुळे पाण्यात धुवा. गाठी मोजा. मग नखाने एक गाठ फोडा. आत गुलाबी किंवा लालसर दिसली तर जंतू कामावर आहेत. पांढरी किंवा हिरवट दिसली तर गाठ आहे, पण काम नाही. ती गाठ पुडीतल्या जंतूची की जमिनीतल्या, हे मात्र रंगावरून कळत नाही. ते पुडीच्या आणि बिनपुडीच्या ओळी शेजारी ठेवून, आणि मळणीच्या वेळी दोन्हींचे दाणे वेगळे तोलूनच कळेल. शंका असेल तर बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात मुळे धुऊन, ओल्या फडक्यात गुंडाळून न्या. तूर आणि इतर कडधान्यांचे काम बदनापूरला पुष्कळ वर्षांपासून चालते.